चिमणरावांचें माजघर

हसणें ही एकट्याची गोष्ट नव्हे. मनुष्य एकांतांत रडूं शकतो, चिंतन करूं शकतो, ईश्वराचें नांव घेऊं शकतो. परंतु एकटाच खोखो हसणारा मनुष्य दिसला, कीं शेजारीपाजारी त्याच्याकडे संशयानें पाहूं लागतात. विनोदाला सोबत लागते. म्हणूनच कोणत्याहि भाषेंतील विनोदी वाङ्मय चाळलें, तर त्यांत एकट्या विक्षिप्ताऐवजीं विक्षिप्तांची जोडी किंवा त्यांचें टोळकें अधिक वेळां भेटतें. मराठींतील अशा टोळक्यांची परंपरा सव्वाशें वर्षांच्या आसपास जाते. छापील पान, चित्रपट आणि दूरदर्शन अशा तीन मुक्कामांवरून ती चालत आलेली आहे. तिचा इतिहास वाङ्मयाचा तर आहेच. परंतु मराठी मध्यम वर्गानें आपल्या घरांत कोणाला कोठवर येऊं दिलें, याचाहि तो इतिहास आहे.

जुन्या वाड्यांत पाहुण्याची पायरी त्याच्या बसण्याच्या जागेवरून ओळखतां येई. तिऱ्हाइताला ओसरी, स्नेह्याला बैठकीची खोली, आणि माजघरांत मात्र नात्याचाच मनुष्य. तेथें बायका धान्य निवडीत, तेथेंच आजारी माणसाची विचारपूस होई, आणि घरच्या फजितीच्या गोष्टी दबल्या आवाजांत सांगावयाच्या त्याहि तेथेंच. विनोदी मित्रमंडळी या तीन जागांपैकीं कोणत्या जागेपर्यंत पोंचली, हें पाहत गेलें म्हणजे या परंपरेचे टप्पे आपोआप उलगडतात. परंतु हें हसूं ज्यांच्या दारापर्यंत फार दिवस पोंचलेंच नाहीं, असेहि मराठी लोक होते. त्यांचा विसर पडूं नये म्हणून एक गांव डोळ्यांसमोर ठेवणें बरें. तें गांव म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यांतील, वसमत तालुक्यांतील हट्टा.

विनोदी मित्रांचें पहिलें गाजलेलें टोळकें पुण्या-मुंबईंत जन्मास आलें नाहीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावयास हवें. त्याचे जनक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. त्यांचा जन्म १८७१ सालीं नागपुरास झाला, आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग वऱ्हाडांत, खामगांव व जळगांव-जामोद येथें वकिली करण्यांत गेला. 'साक्षीदार' हा त्यांचा पहिला विनोदी लेख १९०२ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें अशा लेखांचा 'सुदाम्याचे पोहे' हा संग्रह १९१० सालीं निघाला. सुदामा हा त्यांतील निवेदक. बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्याचे दोघे सोबती. सण, लग्नसमारंभ, ज्योतिष, रूढींचें अवडंबर अशा एकेका विषयाच्या मागें हे तिघे लागतात आणि त्यांतील विसंगति उघडी पाडतात. कोल्हटकरांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनीं 'बाळकराम' या टोपणनांवानें हीच वाट पुढें नेली.

अंतराच्या हिशेबानें पाहिलें तर मराठी विनोदाचा हा झरा पुण्यापेक्षां हट्ट्यालाच अधिक जवळ होता. परंतु मधून सरहद्द जात होती. वऱ्हाडांत इंग्रजी अंमल, तर मराठवाड्यांत निजामाचा. शिवाय सुदामा आणि त्याचे मित्र हे समाज न्याहाळीत हिंडणारे गृहस्थ आहेत. त्यांच्या विनोदाला सुधारकाची नजर आहे आणि वकिलाचा युक्तिवाद आहे. परक्याचें घर त्यांना दिसतें तें ओसरीवरून. स्वतःच्या घरांत ते वाचकाला फारसे नेत नाहींत.

माजघराचा उंबरठा ओलांडला तो चिंतामण विनायक जोशी यांनीं. १८९२ सालीं पुण्यांत जन्मलेले हे गृहस्थ व्यवसायानें पाली भाषेचे प्राध्यापक. बडोद्याच्या कॉलेजांत त्यांनीं अध्यापन केलें, बडोदें संस्थानच्या दप्तरखान्याचें काम पाहिलें, बुद्धचरित्रावर आणि बौद्ध संप्रदायावर लेखन केलें, जातककथा मराठींत आणल्या. इतक्या गंभीर विषयांत गढलेल्या या पंडितानें १९३२ सालीं 'एरंडाचें गुऱ्हाळ' आणि १९३३ सालीं 'चिमणरावांचें चऱ्हाट' हीं पुस्तकें वाचकांच्या हातीं दिलीं, आणि पुण्यांतील एक भित्रा, सज्जन, सदैव गोंधळलेला कारकून महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला.

चिमणरावांच्या कुटुंबाची ओळख करून घेतांना प्रथम त्यांच्या नांवांचेंच हसूं येतें. कर्ता पुरुष चिमण, त्याची पत्नी काऊ, मुलें मोरू, मैना आणि राघू. म्हणजे घर नव्हे, पांखरांनीं भरलेलें घरटें. या घरट्यांत वेळीं-अवेळीं शिरणारा दणकट गडी म्हणजे गुंड्याभाऊ. चिमणराव जितके बुजरे, तितका हा सडेतोड. चिमणराव जेथें दहा वेळां विचार करतील, तेथें हा विचार करावयास थांबणारच नाहीं. तो नात्यानें भाऊ आहे आणि वागण्यानें मित्र आहे. यांतच त्या काळची सारी रीत सांठविलेली आहे. १९३० च्या सुमाराच्या मध्यमवर्गीय घरांत बाहेरचा पुरुष असा वाटेल तेव्हां माजघरांत येऊन बसला असता, तर शेजारणींच्या भुवया उंचावल्या असत्या. मित्राला आंत आणावयाचें, तर त्याला आधीं भाऊ करावें लागलें.

जोश्यांची दुसरी किमया निवेदनाची. या गोष्टी चिमणराव स्वतःच सांगतात. आपण शहाणपणानें वागलों अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते, आणि ती समजूत कशी फसली हें मात्र वाचकाला त्यांच्याच शब्दांतून कळत जातें. काऊला तें चिमणरावांच्या आधींच कळलेलें असतें. 'स्पष्टवक्तेपणाचे प्रयोग' ही त्यांतील एक गाजलेली कथा. एरव्हीं कोणाला दुखवूं न पाहणाऱ्या मनुष्यानें स्पष्ट बोलण्याचें व्रत घेतलें तर काय होईल, एवढीच तिची कल्पना. शिष्टाचाराचें खोटें बोलणें सोडून द्यावें, असें प्रत्येक सज्जनाला केव्हां ना केव्हां वाटतेंच; तें सोडल्यावर एक दिवसहि सुखानें जात नाहीं, हा अनुभवहि प्रत्येकाचाच. म्हणून येथें वाचक चिमणरावांना हसतां हसतां स्वतःला हसूं लागतो.

या कथांची घडण आणखी एका कारणासाठीं पाहण्यासारखी आहे. माणसें तींच, घर तेंच. दर वेळीं प्रसंग मात्र नवा. एखादी टूम निघते, तिच्यापायीं तारांबळ उडते, आणि शेवटीं गाडी पूर्वीच्याच रुळांवर येते. पुढच्या गोष्टींत चिमणराव मागच्या अनुभवानें शहाणे झालेले नसतात. दूरदर्शनच्या भाषेंत ज्याला मालिकेचा एक भाग म्हणतात, त्याची हीच रचना होय. पाश्चात्त्य देशांत ती प्रथम नभोवाणीवर रुजली. १९२८ सालीं शिकागोच्या नभोवाणीवर 'एमॉस अँड अँडी' हा कार्यक्रम सुरू झाला. खेड्यांतून शहरांत आलेल्या दोघां मित्रांची ती कथा. अमेरिकेनें ती वर्षानुवर्षें ऐकली. परंतु ते मित्र कृष्णवर्णी आणि त्यांचीं सोंगें आणणारे दोघेहि नट गोरे होते. दुसऱ्याला खालीं बसवून त्याला हसण्याचा तो प्रकार होता, आणि पुढें त्याला योग्य तो विरोधहि झाला. जोश्यांचा कारकून स्वतःच्या वर्गाचा, स्वतःच्या पेठेचा आणि बऱ्याच अंशीं स्वतः वाचकाचाच प्रतिनिधि आहे. हा भेद लहान नाहीं. पाली पंडिताच्या हातून अशी सुट्या गोष्टींची माळ निघावी, हाहि एक सुंदर योगायोग म्हटला पाहिजे. जातकांच्या साडेपांचशेंच्या आसपास कथांतहि प्रत्येक कथा स्वतंत्र असते आणि बोधिसत्त्व जन्मोजन्मीं परत येतो.

छापील पानावरून ही जोडी लौकरच चित्रपटांत गेली. १९४० सालीं नवयुग चित्रपट संस्थेनें 'लग्न पहावें करून' हा चित्रपट काढला. दिग्दर्शक मास्टर विनायक, चिमणराव झाले होते दामुअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ झाले होते विष्णुपंत जोग. १९४२ सालीं त्याच जोडीचा 'सरकारी पाहुणे' हा चित्रपट आला. पुस्तक घरांत वाचलें जाई. एकानें मोठ्यानें वाचावें आणि बाकीच्यांनीं हातांतलीं कामें करीत ऐकावें. चित्रपटगृहांत अनोळखी लोकांच्या गर्दींत, अंधारांत हसावयाचें. हसूं मोठें झालें, पण तें घराबाहेर गेलें. शिवाय चिमणरावांचें आत्मनिवेदन कॅमेऱ्यापुढें तितकेंसें टिकत नाहीं. पानावर ते स्वतःची फजिती आपल्या विश्वासांतील माणसाला सांगतात. पडद्यावर ती सर्वांदेखत होते.

या जोडीला पुनः घरांत आणलें तें दूरदर्शननें. मुंबईचें दूरदर्शन केंद्र १९७२ सालच्या २ ऑक्टोबरला सुरू झालें, आणि पुढच्या वर्षीं पुण्याला त्याची जोड मिळाली. जोशी १९६३ सालींच निवर्तले होते. हें नवें यंत्र त्यांनीं आपल्या देशांत रुजलेलें पाहिलें नाहीं. १९८० पूर्वींच्या दोन-तीन वर्षांत मुंबई केंद्रानें 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका दाखविली. दिलीप प्रभावळकर यांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ प्रेक्षकांच्या मनांत इतके ठसले, कीं पुढें अनेक वर्षें या दोघां नटांना लोक त्याच नांवांनीं ओळखीत. चित्र काळें-पांढरें, देखावा स्टुडिओंतला, पळापळ बेताची. त्यामुळें सारी मदार चेहऱ्यावर आणि बोलण्यावर. जें चिमणराव पानावर शब्दांनीं कबूल करीत, तें आतां नटाला नुसत्या डोळ्यांनीं कबूल करावें लागलें. लहान पडद्याला हें मानवतें. मोठ्या पडद्यावर जो विभ्रम हरवून जातो, तो चार हातांवरून स्पष्ट दिसतो.

त्या काळीं दूरदर्शनचा संच प्रत्येक घरीं नव्हता. ज्या बिऱ्हाडीं तो असे, तेथें मालिकेच्या वेळीं दाराशीं चपलांचा ढीग पडे. शेजारची मुलें जमिनीवर, वडील मंडळी खुर्च्यांवर, आणि घरची गृहिणी स्वयंपाकघराच्या दारांत उभी. चाळींतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला ओसरी नव्हती, बैठक नव्हती आणि वेगळें माजघरहि नव्हतें. बाहेरची खोली हेंच तिन्हींचें काम करी. म्हणजे पडद्यावर गुंड्याभाऊ चिमणरावांच्या घरांत आगंतुकपणें शिरत असतां, पडद्यासमोरहि शेजारी तसेच आंत येऊन बसलेले असत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीं पुस्तकांत मित्राला भाऊ केल्याशिवाय आंत येतां आलें नव्हतें. आतां शेजाऱ्याला त्यासाठीं कांहींच व्हावें लागलें नाहीं.

हें सारें पुण्या-मुंबईचें झालें. हट्ट्याचें काय? 'चिमणरावांचें चऱ्हाट' निघालें, तेव्हां हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानांत, परभणी जिल्ह्यांत होता. बोलणें मराठी, परंतु सरकारदरबारचें दप्तर उर्दू. चिमणरावांसारखा कारकून तेथेंहि असणारच. पण त्याची लेखणी उजवीकडून डावीकडे चालत असली पाहिजे, आणि त्याच्या कचेरींतील थट्टेचे शब्द निराळे असले पाहिजेत. १९४८ सालच्या १७ सप्टेंबरला निजामाचें राज्य संपलें. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. जागेवरून न हलतां हट्ट्यानें बारा वर्षांत तीन राज्यें बदललीं. तरीहि मुंबईचें चित्र त्याच्यापर्यंत येईना. दूरदर्शनच्या मनोऱ्याची शक्ति शेकड्याच्या आंतबाहेर किलोमीटरांपुरती असते, आणि मुंबईपासून हट्टा सरळ रेषेंतहि चारशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. एकाच राज्यांत, एकाच भाषेंत राहणाऱ्या दोन घरांपैकीं एक ज्या प्रसंगाला पोट धरून हसत होतें, त्याची दुसऱ्याला वार्ताहि नव्हती.

१९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपक झपाट्यानें उभे राहिले. परंतु त्यांच्यावरून प्रथम मुख्यतः दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम दाखविला जाई. त्यामुळें मराठवाड्यांतील पुष्कळ घरांत कौटुंबिक विनोदाचा पहिला पाठ 'ये जो है जिंदगी' सारख्या हिंदी मालिकांनीं दिला. मराठी हसूं घरोघर पोंचावयास उपग्रहाची वाट पाहावी लागली. १९९९ सालच्या १ मे रोजीं परभणींतून फुटून हिंगोली जिल्हा झाला आणि हट्टा त्यांत आलें. त्याच वर्षीं १५ ऑगस्टला अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाली. तिच्यावर २००१ सालीं 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली. त्यांतील आबा टिपरे होते दिलीप प्रभावळकर. ज्या प्रदेशानें त्यांचे चिमणराव पाहिलेच नव्हते, त्याला ते असे एकदम आजोबा होऊन भेटले. मधली एक पिढी त्याच्या वांट्यास आलीच नाहीं. आणि ती मागाहून भरून काढणें सोपें नसतें. चित्रफीत महाग असल्यामुळें जुना कार्यक्रम पुसून तिच्यावर नवा नोंदविण्याची रीत त्या काळीं जगभर होती. दोन आण्यांचें जुनें पुस्तक पेटींत पडून राहतें. एका संध्याकाळचें चित्र मात्र ज्यानें पाहिलें त्याचेंच.

२०१५ सालच्या मार्चमध्यें झी मराठीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' सुरू झाली. कैवल्य, सुजय, आशू, मीनल, रेश्मा आणि ॲना हे सहा तरुण मुंबईंत एका घरांत राहतात. न्यूयॉर्कमधील सहा मित्रांच्या 'फ्रेंड्स' या मालिकेनें १९९४ पासून दहा वर्षें जगाला हसविलें होतें. तिचें स्मरण येथें होणें साहजिक आहे. परंतु मराठी मालिकेंतील या घराचें नांव आहे 'माजघर', आणि त्या एका शब्दानें तिची खरी वंशावळ सांगितली आहे. यांतील एकहि मनुष्य दुसऱ्याचा नातेवाईक नाहीं. प्रारंभींच्या कथेंत रेश्मा लग्न होऊन मुंबईस येते आणि नवऱ्याचें मन व घर दोन्ही आधींच दुसऱ्या स्त्रीनें व्यापलेलीं आहेत, असें तिला आढळतें. नात्यानें जी जागा तिची होती ती तिला मिळत नाहीं. जी कोणत्याहि नात्यानें तिची नव्हती ती मिळते. चिमणरावांच्या काळीं मित्राला आंत येण्यासाठीं नातें लागत होतें. येथें नात्यानें दार बंद केल्यावर मित्रांनीं माजघर उघडलें. विनोदाच्या आवरणाखालीं एवढी मोठी उलथापालथ ऐंशीं वर्षांत होऊन गेली.

या बदलाकडे केवळ शहरी चैन म्हणून पाहणें बरोबर होणार नाहीं. आज पुण्याच्या सदाशिव, नारायण या जुन्या पेठांतून हिंडलें, तर दारोदार 'कॉट बेसिस' अशा पाट्या दिसतात. ज्या पेठांचें वातावरण चिमणरावांच्या कथांत भरलें आहे, त्याच पेठांच्या खोल्यांतून मराठवाड्याच्या गांवोगांवचीं मुलें-मुली स्पर्धा-परीक्षांचा अभ्यास करीत राहतात. एका खोलींत चार खाटा, चार ट्रंका, चार जिल्ह्यांच्या बोली. एखादा मुलगा परभणीकडचा, एखादा साताऱ्याचा, एखादा खानदेशचा. एकाला ताप आला तर दुसरा पेज करून देतो. एकाचा निकाल वाईट लागला तर बाकीचे त्या दिवशीं मोठ्यानें बोलत नाहींत. त्यांचें घर दूर आहे आणि परीक्षा अनिश्चित आहे. अशा स्थितींत एकमेकांची थट्टा ही त्यांची करमणूक नसते, ती त्यांची शिदोरी असते.

म्हणूनच सुदाम्याचे मित्र, चिमणरावांचा गुंड्याभाऊ आणि 'माजघरां'तील सहाजण यांचा क्रम लावून पाहिला, तर विनोदाच्या प्रगतीपेक्षां एक निराळीच गोष्ट हातीं लागते. प्रत्येक टप्प्यावर पूर्वीं बाहेर थांबलेला कोणी तरी एक पायरी आंत आलेला आहे. प्रथम मित्र आंत आला, मग शेजारी, मग निराधार झालेली स्त्री. निजामी सरहद्दीच्या पलीकडे राहिलेला आणि प्रक्षेपकाच्या कक्षेंत कधीं न आलेला मुलूखहि आतां आपल्या मुलांच्या रूपानें त्या पेठांतील खोल्यांत येऊन राहिला आहे. त्यांच्या संध्याकाळच्या गप्पांत एखादा चिमणराव असतोच, एखादा गुंड्याभाऊहि असतो; आणि हें ओळखावयास त्यांपैकीं कोणालाहि ती जुनी मालिका पाहिलेली असण्याची गरज पडत नाहीं.